टाच खाली जात नाही म्हणून लाँग बूट घेऊ का?

प्रश्न: ताई, मी २९ वर्षांची, पुण्यात आयटीत आहे. दिवाळीपासून शनिवार-रविवार रायडिंग शिकतेय. वॉक-ट्रॉट (साधी चाल आणि दुडकी) जमतं, कॅन्टर (मंद दौड) नुकताच सुरू झालाय. आमचे सर रिटायर्ड रिसालदार आहेत आणि अख्खा तास दोनच गोष्टी ओरडतात, "एडी नीचे!" आणि "पैर पीछे!" टाच दोन मिनिटं खाली राहते की परत वर. ट्रॉटमध्ये गुडघ्याखालचा पाय पुढेमागे झुलतो, मधेच रिकीब (पाय ठेवायची कडी) सुटते. मी स्पोर्ट्स शूज घालते. बॅचमधली एकजण म्हणते लाँग बूट घे, पाय आपोआप जागेवर राहतो. तिचेच जुने ती चार हजारात देतेय, नंबर माझाच आहे पण पोटरीवर चेन दोन बोटं कमी पडते, ती म्हणते लेदर आहे, सैल होईल. माझं बजेट दहा हजार. ऑनलाइन ड्रेसाज बूट, फील्ड बूट, हाफ चॅप्स असं काय काय दिसतं, डोकं फिरलंय. काय घेऊ?
— रिकीब सुटलेली, बाणेर

उत्तर:

अगं, बाकीचं नंतर बघू, पण येत्या शनिवारी ते स्पोर्ट्स शूज घालून घोड्यावर बसू नकोस. हे दिसण्याबिसण्याचं नाहीये. रायडिंगच्या बुटाला साधारण इंचभर टाच असते ती पाय रिकिबीतून आरपार पुढे जाऊ नये म्हणून. स्पोर्ट्स शूजला अशी वेगळी टाचच नसते, त्यामुळे घोडा बुजला, तू घसरलीस आणि पाय घोट्यापर्यंत आत गेलेला असला तर तू खाली पडतेस पण पाय वरच राहतो, आणि घोडा तसाच पळत सुटतो. पुढचं सांगत नाही. ट्रेकिंगचे बूट पण नकोत, खूपजणी घालून येतात आणि वर म्हणतात याला टाच आहे की. आहे ना, पण ते पुढून रुंद असतात, तळाला खोल खाचा असतात, रिकिबीत पाय असा गच्च बसतो की निघायच्या वेळेला निघत नाही. (माथेरानला लोक चपला घालून बसतात, मान्य, पण तिथे घोडेवाला शेजारी चालत असतो आणि तू आता कॅन्टर करतेयस.)

आता तुझा खरा प्रश्न. लाँग बूट घातल्याने पाय जागेवर राहत नाही. ज्यांचा पाय आधीच जागेवर असतो ते बहुतेक लाँग बूटमध्ये दिसतात म्हणून आपल्याला तसं वाटतं. पाय कुठे राहणार हे तुझी कंबर, तुझी मांड आणि रिकिबीची लांबी मिळून ठरवतात. बूट फार तर काय करतो, घोट्याला हलू देतो किंवा देत नाही, चवड्याखाली रिकीब नीट कळू देतो किंवा देत नाही, आणि पोटरीला घोड्याच्या अंगाशी शांत राहू देतो किंवा मधे मधे येतो. म्हणजे चांगला बूट तुझा पाय सुधारणार नाही, पण वाईट बूट चांगला पाय नक्की बिघडवेल.

तुझी तीन लक्षणं एकत्र वाचली, टाच वर, पाय झुलतो, रिकीब सुटते, तर माझा पहिला संशय रिकिबी लांब आहेत यावर जातो. रिकीब लांब असली की पाय तिला गाठायला खाली ताणला जातो, चवडा खाली आणि टाच वर. मग रायझिंग ट्रॉटला, म्हणजे दुडकीच्या तालावर उठबस करताना, उठायचं तर पायाखाली भक्कम काही नाही, म्हणून तू गुडघ्याने सॅडल आवळून वर येतेस, आणि गुडघा आवळला की तिथे बिजागरी तयार होते, खालचा पाय दाराच्या झडपेसारखा हलत राहतो. यात बूट कुठेच आला नाही बघ.

करून बघायचं सोपं आहे. घोडा उभा असताना दोन्ही पाय रिकिबीतून काढ, मांड्या ढिल्या सोडून पाय सरळ खाली लोंबू दे. रिकिबीचा तळ साधारण घोट्याच्या हाडापाशी लागला पाहिजे. त्याच्या खाली असेल तर पट्टा एक-दोन भोकं वर घे. स्कूलच्या घोड्यांवर हे रोज बघावं लागतं कारण आधीच्या तासाला कोणी सहा फुटी मुलगा बसून गेलेला असतो आणि सईसला (घोडे सांभाळणाऱ्याला) दहा घोडे तयार करायचे असतात, तो तुझ्यासाठी पट्टे बदलत बसणार नाही. आणि दोन्ही बाजूंची भोकं मोजून सारखी आली तरी समोर उभं राहून एकदा डोळ्याने बघ, कारण सगळे डावीकडून चढतात आणि डावीकडचा पट्टा ताणून ताणून लांब झालेला असतो. कितीतरी जणींचा "डावा पाय कमजोर" म्हणतात तो प्रत्यक्षात ताणलेला पट्टा असतो.

रिकीब वर घेतल्यावर टाच खाली जाणं सोपं का होतं तेही सांगते, कारण हे कळलं की स्वतःला दोष देणं थांबतं. पोटरीचा वरचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वरून सुरू होतो आणि टाचेपर्यंत जातो. गुडघा जेवढा सरळ तेवढा तो आधीच ताणलेला, मग घोट्याला वाकायला जागा उरत नाही. गुडघा जरा वाकला की तो ढिला पडतो आणि टाच आपसूक खाली जाते. त्यातून तू आठवडाभर खुर्चीत बसणार, ऑफिसला हील्स घालत असशील तर आणखीच, म्हणजे तो स्नायू आखडलेलाच. जिन्याच्या पायरीवर फक्त चवडे टेकवून उभी राहा, कठडा धर आणि टाचा हळूहळू खाली सोड, हिसके न देता, रोज थोडा वेळ. कोणत्याही बुटापेक्षा याचा उपयोग जास्त होईल आणि फुकट आहे.

आता रिसालदार साहेबांच्या त्या दोन आरोळ्या. ते बरोबरच सांगतायत पण तू बहुतेक त्या एकामागून एक पाळतेस. "एडी नीचे" ऐकलं की तू टाच जोरात दाबतेस, घोटा लॉक होतो, रिकिबीवर ढकललं गेल्यामुळे अख्खा पाय पुढे जातो आणि तू खुर्चीत बसल्यासारखी मागे राहतेस. मग येतं "पैर पीछे", तू पाय मागे ओढतेस, त्यात गुडघा घट्ट होतो आणि टाच परत वर. मग परत "एडी नीचे". असा तासभर खेळ. टाच दाबायची नसते, वजन मांडीतून गुडघ्यावरून खाली उतरू द्यायचं असतं आणि घोट्याने दर पावलाला थोडं थोडं वाकून धक्का घ्यायचा असतो. म्हणजे घोटा ढिला हवा. आणि बुटाचा पायाच्या ठेवणीशी जो काही संबंध आहे तो मुख्यतः याच घोट्यावर आहे.

कोणालातरी मोबाइल दे आणि ट्रॉट करताना बरोबर बाजूने व्हिडिओ काढायला सांग, समोरून नको. नंतर थांबवून दोन गोष्टी बघ. कान, खांदा, कंबर आणि टाच साधारण एका उभ्या रेषेत आहेत का, आणि रिकिबीचा पट्टा सरळ खाली लोंबतोय का. पट्टा पुढे तिरका असेल तर तू ढकलतेयस. पट्टा सरळ आहे आणि तरी तू रेषेच्या मागे बसलेली दिसतेस तर मात्र सॅडलची गडबड असू शकते, काही सॅडलमध्ये बसायची सगळ्यात खोल जागा पट्टा अडकवायच्या जागेपासून फारच मागे असते, अशा सॅडलवर कोणीही खुर्चीतच बसणार. साहेबांना नम्रपणे विचार की एक दिवस दुसरं सॅडल मिळेल का. नम्रपणे म्हणजे खरंच नम्रपणे, रिसाल्यातली माणसं घोड्याच्या सामानाबद्दल हळवी असतात.

हं, आता बूट. स्पोर्ट्स शूजमुळे तुझं आणखी एक नुकसान होतंय ते म्हणजे तळ मऊ असणं. रिकिबीची पट्टी त्या फोममध्ये रुतते, पाय तिच्याभोवती वाकतो, चवडा नक्की कुठे टेकलाय ते कळत नाही आणि तू बोटांनी पकडायला लागतेस. बोटं आवळली की घोटा आवळतो. रायडिंगच्या बुटाचा तळ वरवर पातळ दिसतो पण मधे कडक असतो, वजन पसरतं आणि पट्टी एकाच जागी स्थिर लागते. तुझी रिकीब सुटते त्यातला थोडा भाग नुसत्या बरोबर तळाने कमी होईल. रिकिबीची रुंदीपण बघ, बुटाच्या सगळ्यात रुंद भागापेक्षा ती साधारण इंचभर जास्त हवी, म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच. अरुंद असेल तर पाय अडकतो, फार रुंद असेल तर पाय आत सरकतो आणि डुलतो.

दहा हजारात माझं मत अगदी स्पष्ट आहे: आखूड जोधपूर बूट आणि हाफ चॅप्स. लाँग बूट आत्ता नको. जोधपूर बूट म्हणजे घोट्याच्या जरा वर येणारे, बाजूला इलॅस्टिक किंवा चेन असलेले, नाव आपल्याच जोधपूरचं, सर प्रतापसिंग १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीला लंडनला गेले तेव्हा त्यांच्या ब्रीचेसची (रायडिंगच्या पॅन्टची) तिकडे हवा झाली आणि बुटांनाही पुढे तेच नाव चिकटलं. यात घोटा मोकळा राहतो. शिकाऊ माणसाला हेच हवं, कारण घोट्याचं वाकणं तुला स्वतःला कळतं आणि सरांनाही दिसतं. डेकॅथलॉनमध्ये त्यांचा फूगान्झा ब्रँड असतो, दुकानात घालून बघता येतो हा मोठा फायदा. कानपूरला तर घोड्याचं सामान आणि रायडिंग बूट बनवणाऱ्यांची मोठी बाजारपेठच आहे, तिथला माल जगभर जातो, तेव्हा परदेशी नावासाठी दुप्पट पैसे मोजायच्या आधी देशी माल हातात घेऊन बघ. लेदर मिळालं तर उत्तम, नाहीतर सिंथेटिकनेही शिकणं अडत नाही. तळ लेदरचा किंवा बारीक खाचांच्या रबराचा, पुढचा भाग गुळगुळीत, आणि वरून कुठलंही बक्कल किंवा लेस लोंबत नसलेली.

हाफ चॅप्स म्हणजे घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत पोटरीला बांधायचं लेदर. जीन्स किंवा लेगिंग्जवर रिकिबीचा पट्टा पोटरीला चिमटे काढतो आणि त्या चिमट्यांना घाबरून पाय सॅडलपासून लांब जातो, हे बऱ्याच जणींचं होतं पण कोणी बोलत नाही. चॅप्सने ते थांबतं, पकडही जरा येते आणि पाय गप्प राहायला मदत होते. चेन बाहेरच्या बाजूला येते, आतल्या बाजूला नाही, पहिल्या दिवशी निम्मे लोक उलट घालतात. पोटरीला घट्ट हवेत, बोट कसंबसं जाईल इतके, कारण लेदर आणि इलॅस्टिक दोन्ही सैल पडतात आणि सैल चॅप फिरायला लागला की पाय त्याच्या आत वेगळा हलतो आणि बाहेर वेगळा. उंची गुडघ्याच्या वळणाच्या जरा खाली. फार आखूड घेतलेस तर वरची कड सॅडलच्या झुलत्या भागाखाली अडकते, दर वेळी उठताना पाय तिथे खेचला जातो आणि तुला वाटतं आपलाच पाय वेडा आहे.

यातून पैसे उरले आणि हेल्मेट अजून स्कूलचंच वापरत असशील तर आधी ते घे. स्कूलचं हेल्मेट किती जणांच्या डोक्याबरोबर जमिनीवर आपटलंय कोणाला माहीत, आणि एकदा नीट आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी कामाचं नसतं.

लाँग बूटचा मोह जाणार नाही म्हणून त्याचंही सांगून टाकते, पुढच्या वर्षी लागेल. त्यात दोन मोठे प्रकार. फील्ड बूटला घोट्याच्या पुढे लेस असते, ती शोभेची नाही, तिथे बूट उघडतो आणि घोटा खोल वाकू शकतो. जंपिंगसाठी हा. ड्रेसाज म्हणजे घोड्याकडून शिस्तीच्या, मोजून-मापून चाली करून घेणं; त्याचा बूट कडक, मागच्या बाजूला ताठ कणा असतो, बाहेरची कड गुडघ्यावर उंच चढलेली, घोट्याला लेस नाही. तो लांब रिकिबीसाठी असतो, जिथे पाय जवळजवळ सरळ खाली लोंबतो आणि घोटा फार वाकवायचाच नसतो. २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये आपल्या ड्रेसाज टीमने गोल्ड मिळवलं ना, सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला, त्यांचे फोटो काढून बघ, पाय किती लांब आणि शांत दिसतो. आणि मग फवाद मिर्झाचे बघ, जकार्ताला २०१८ मध्ये दोन सिल्व्हर आणि टोकियो ऑलिम्पिकला तेविसावा, तो इव्हेंटिंगवाला, म्हणजे ड्रेसाज, क्रॉस-कंट्री, जंपिंग तिन्ही करतो. माणूस तोच, पण ड्रेसाजला पाय लांब आणि क्रॉस-कंट्रीला रिकिबी इतक्या वर की गुडघा चांगलाच वाकलेला. जंपिंगच्या त्या आखूड रिकिबीत कडक ड्रेसाज बूट घातला तर बूट घोट्याला वाकूच देत नाही, मग टाच वर राहते किंवा पाय पुढे सरकतो, म्हणजे तुझं आजचं दुखणं, फक्त जास्त पैसे देऊन. शिकाऊ माणसाने ड्रेसाज बूट घ्यायला मी अजिबात सांगणार नाही, कितीही देखणा असला तरी. आणि असतो देखणा, खोटं कशाला बोलू.

लाँग बूट घ्यायची वेळ येईल तेव्हा माप ब्रीचेस आणि रायडिंगचे मोजे घालूनच घे, संध्याकाळी घे कारण दिवसभरात पोटरी थोडी सुजते. खुर्चीवर गुडघे काटकोनात ठेवून बस, पाय जमिनीवर सपाट, आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत उंची. पोटरीचा घेर सगळ्यात जाड जागी. दोन्ही पायांचं माप, आणि मोठं असेल ते धर. नवीन लेदरचा बूट घोट्याशी चुण्या पडून साधारण दोन ते चार सेंटिमीटर खाली बसतो, त्यामुळे नवा असताना तो गुडघ्यामागे जरा टोचलाच पाहिजे. दुकानात अगदी आरामात बसला तर दोन महिन्यांत आखूड होणार. सुरुवातीला टोचतो म्हणून टाचेखाली आतून पातळ पॅड घालायचे, बूट बसला की काढून टाकायचे. पण खाली बसून झाल्यावरही गुडघ्यामागे रुतत असेल तर मात्र तो उंच आहे, तू गुडघा पूर्ण वाकवणं टाळशील, रिकीब लांब करशील आणि आपण परत तुझ्या आजच्या दुखण्यावर. चेन मागच्या बाजूची आणि तिच्याशेजारी इलॅस्टिकची पट्टी असलेली बघ. आतल्या बाजूची चेन सॅडलवर आणि घोड्याच्या अंगावर घासते, फार टिकत नाही.

पावसाळ्यात पुण्याच्या हवेत लेदरवर बुरशी येतेच, तर रायडिंगनंतर ओल्या फडक्याने घाम आणि चिखल पूस, सॅडल सोप लाव, आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळव. हीटरपुढे किंवा उन्हात नाही, लेदर तडकतं. चेनीतला चिखल जुन्या टूथब्रशने काढ, बूट बहुतेक वेळा चेन तुटूनच मरतात.

राहिले मैत्रिणीचे चार हजाराचे बूट. नको घेऊ. लेदर सैल होतं हे खरं, पण चेनीच्या बाजूला दोन बोटांचं अंतर असलं तर ते सैल व्हायची वाट बघण्यात चेन फाटेल किंवा पोटरीला मुंग्या येतील आणि पाय बधिर झाला की रिकीब आहे की सुटली तेही कळणार नाही. दुसरं म्हणजे बूट वापरात आला की घोट्याच्या चुण्या घालणाऱ्याच्या घोट्याप्रमाणे पडतात. तिचा घोटा तुझ्यापेक्षा वर किंवा खाली असेल तर बूट वाकतो एका जागी आणि तुझा पाय वाकायला बघतो दुसऱ्या जागी, कडक बूट असला तर जिंकतो बूटच. चांगला चांभार पोटरीत इलॅस्टिकची पट्टी बसवून देऊ शकतो, तेवढं होईल, पण घोट्याच्या चुण्या हलवता येत नाहीत. तिला सरळ सांग की पोटरीत बसत नाहीत. खरंच बसत नाहीयेत, वाईट वाटायचं कारण नाही, आणि तुमच्या बॅचमध्ये ती बारीक पोटऱ्यांची कॉलेजची पोरं येतात ना, त्यातल्या कोणाला तरी नक्की बसतील.